पोटातली चूल

चूल कशी सांभाळावी हे आपल्याकडच्या आयाबायांना कुणी शिकवावे लागत नाही. ओले लाकूड घातले तर नुसता धूर होतो. एकदम मोठा ओंडका घातला तर जाळ दबतो. सरपण घालायचे विसरले तर चूल विझते. सुके सरपण, बेताबेताने, वेळेवर घालत राहिले म्हणजे भाकरी नीट भाजते.

आपल्या पोटातही अशीच एक चूल आहे, असे आपले जुने वैद्य सांगत आले. तिला त्यांनी जठराग्नी असे नाव दिले. आज आपण या चुलीविषयी वाचणार आहोत. शहरातल्या खाण्यापिण्याने ती कशी बिघडते, आणि ती कशी सांभाळावी, हेही पाहू.

हा धडा आम्ही थोडा पुस्तकातून शिकलो आणि थोडा घरात सोसून शिकलो. म्हणून आधी घरची गोष्ट सांगतो.

पुतण्याची गोष्ट

आमचा गाव माणदेशातला. पाऊस कमी, जमीन हलकी. घरटी एक तरी माणूस मुंबईला. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगाही कामासाठी मुंबईला गेला. एका इमारतीवर तो पहारेकरी म्हणून लागला. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. एका खोलीत सहा जण राहायचे. खोलीत चूल नाही, स्टोव्ह नाही.

सकाळी चहा आणि खारी. दुपारी वडापाव. संध्याकाळी पुन्हा चहा. पाळी संपली की रात्री अकरा-बारा वाजता गाडीवरचा तेलकट भात, आणि लगेच झोप. हा त्याचा नेम झाला. पाणीही तो बेतानेच प्यायचा. कारण कामाच्या जागी लघवीला जायची नीट सोय नव्हती. चाळीत सकाळी शौचालयापुढे रांग असायची, म्हणून तेही तो दाबून धरायचा. हे सगळे आम्हाला फार उशिरा कळले.

एक दिवस त्याचा फोन आला. "काका, जेवलं की छातीत जळजळतं. आंबट ढेकर येतात."

आम्ही लगेच वैद्य झालो. "अरे, पित्त आहे. आवळ्याचं चूर्ण घे. धण्याजिऱ्याचं पाणी पी. बरं वाटंल," असे सांगून मोकळे झालो. तीन महिने तो अधूनमधून तेच विचारत होता आणि आम्ही तेच सांगत होतो.

एक गोष्ट आम्ही त्याला विचारली नाही. दिवसभर उभे राहून त्याचे पाय दुखायचे. म्हणून तो दुकानातून अंगदुखीची गोळी आणून रोज घ्यायचा. तीही उपाशी पोटी.

दिवाळीला तो गावी आला तेव्हा वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. तोंड पांढरेफटक पडले होते. पाडव्याच्या दिवशी सकाळी तो अंगणात चक्कर येऊन पडला. विचारता विचारता कळले की चार दिवस त्याला डांबरासारखे काळे शौच होत होते. लाज वाटली म्हणून तो कुणाला बोलला नव्हता.

त्याला जिल्ह्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिले. जठराला व्रण पडला होता आणि त्यातून रक्त वाहत होते. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. "आणखी दोन दिवस घरी थांबला असता तर सांगता आले नसते," असे डॉक्टर म्हणाले. ते ऐकून आम्हाला मान वर करवेना. तीन महिने तो विचारत होता, आणि आम्ही त्याला नीट काही न विचारता चूर्ण सांगत होतो.

पोरगा वाचला. पण त्या दिवसापासून आम्ही ठरवले की पोटाची गोष्ट अर्धवट सांगायची नाही. पुरी सांगायची.

चूल कशी चालते

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत अन्नाविषयी पुष्कळ विचार केलेला आहे. पुढे काही शतकांनी वाग्भटाने अष्टांगहृदय हा ग्रंथ लिहिला. त्यातही तो विचार आहे.

या ग्रंथांत जठराग्नीचे चार प्रकार सांगितले आहेत. वेळेवर भूक लागते आणि खाल्लेले नीट पचते, तो सम अग्नी. कधी पचते, कधी पोट फुगते, तो विषम अग्नी. खाल्लेले भराभर जळते आणि आतून दाह होतो, तो तीक्ष्ण अग्नी. थोडे खाल्ले तरी जड वाटते, तो मंद अग्नी. अग्नी मंद झाला की अन्न अर्धेकच्चे राहते. त्या अर्ध्याकच्च्या रसाला वैद्य आम म्हणतात. पुष्कळ रोगांचे मूळ ते या आमात पाहतात.

आता कुणी विचारील, पोटात खरोखर जाळ असतो काय? नसतो. आजचे डॉक्टर याच कामाला पचन म्हणतात. तोंडात लाळ मिसळते. जठरात आंबट रस असतो, तो अन्नाची पेज करतो. पुढे सुमारे वीस फूट लांबीचे लहान आतडे आहे. तिथे अन्नातला कस रक्तात जातो. मग सुमारे पाच फुटांचे मोठे आतडे. तिथे पाणी शोषले जाते, आणि उरलेला चोथा बाहेर पडतो.

वैद्याची भाषा वेगळी, डॉक्टरची वेगळी. ती शब्दाला शब्द जुळत नाही. पण दोघे मिळून एक गोष्ट सांगतात. काय खाल्ले एवढेच पाहू नका. केव्हा खाल्ले, किती खाल्ले आणि कसे खाल्ले, तेही पाहा.

मुंबईचे जेवण कसे बदलले

मुंबईत बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांच्या जेवणाचा प्रश्न आजचा नाही. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचे काम सुरू केले. घरचे जेवण कचेरीत मिळू लागले. ज्यांचे घर गावी होते अशा गिरणी कामगारांसाठी खानावळी होत्या. गिरणगावातल्या बाया आपल्या खोलीत स्वयंपाक करून दहा-वीस कामगारांना जेवू घालायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायांची संघटना उभी केली. तिचे नाव अन्नपूर्णा महिला मंडळ. भाकरी, आमटी, भाजी, भात असे ते जेवण असे.

वडापाव त्यापूर्वीच आला होता. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे सांगतात. गाडी पकडता पकडता, उभ्या उभ्या खाता येईल असे ते खाणे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. कामगार पांगले. ज्या खानावळी गिरण्यांवर चालत होत्या त्यांचे गिऱ्हाईक गेले. मुंबईत माणसे येत राहिली, पण त्यांच्यासाठी वाढलेले ताट कमी झाले.

म्हणून शहरातला माणूस चोखंदळ नाही, जिभेचा लाडका आहे, असे म्हणून त्याला नावे ठेवू नयेत. आमच्या पुतण्याला वडापावाची हौस नव्हती. त्याला वेळ नव्हता, चूल नव्हती आणि बसायला जागा नव्हती.

वडापाव वाईट आहे काय?

चरकाच्या काळी आपल्या देशात बटाटा नव्हता, मिरची नव्हती. ही दोन्ही पुढे पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली. पाव हा शब्दही त्यांचाच. म्हणून वडापाव खावा की नाही, असे चरकाला विचारता येणार नाही. पण त्याने दिलेले नियम लावून पाहता येतात.

पहिला नियम जडहलक्याचा. मूग, भात, ताक हे हलके. तळलेले आणि पिठाचे पदार्थ जड. जड अन्न पोटभर खाऊ नये, अर्ध्या भुकेवर थांबावे, असे चरक सांगतो. डॉक्टरही सांगतात की तेलकट अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते. मग ते खाऊन लगेच आडवे झाले तर आंबट रस वर येतो आणि छातीत जळजळते.

दुसरी गोष्ट चोथ्याची. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की मैदा होतो. पाव, खारी, बिस्किट, नूडल्स हे बहुतेक मैद्याचे. त्यात चोथा फार थोडा. चोथा नसला, पाणीही कमी प्यायले, की शौचाला खडा होतो.

तिसरी गोष्ट मिठाची आणि साखरेची. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे लहान चमचाभर. वेफर, फरसाण, लोणचे, पापड खाताना ते केव्हा ओलांडले हे कळतही नाही. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत साधारण पंचवीस ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा चमचे. चहात एवढी साखर कुणी घातली तर आपण कप खाली ठेवू.

तेव्हा भुकेल्या, कष्टाच्या माणसाने एखाद दिवशी वडापाव खाल्ला तर काही बिघडत नाही. बिघडते ते जेवणाऐवजी रोज खाल्ल्याने.

चौथा नियम आमच्या पुतण्याच्या कामाचा होता. चरकाने तेरा वेग सांगितले आहेत. लघवी, शौच, वारा सरणे, शिंक, ढेकर, भूक, तहान, झोप हे त्यातलेच. हे वेग अडवू नयेत असे तो बजावतो. शहरातला नोकर माणूस यातले किती तरी वेग रोज अडवतो. बायांचे हाल तर विचारू नका. दिवसभर लघवीला जायला जागा नाही म्हणून कित्येक जणी पाणीच पीत नाहीत. हा दोष त्या बाईचा नव्हे. कामाच्या जागी सोय मागणे हा आपला हक्क आहे.

शहर गावात आले

हे सगळे मुंबईचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. आपल्या एस.टी. स्टँडवरच्या दुकानात जाऊन पाहा. पाच रुपयांच्या रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतील. पोर रडले की पुडी. पाहुणा आला की थंड बाटली. शेतावर जाताना भाकरी बांधून न्यायची ती बाई आता बिस्किटाचा पुडा नेते. ज्वारी-बाजरी विकायची आणि त्या पैशांत मैदा विकत आणायचा, हा कुठला व्यवहार?

भाकरीला आपण गरिबीचे अन्न समजत आलो. पण भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी, बाजरी, नाचणी ही ती भरडधान्ये. त्यांत चोथा असतो, आणि आपल्या कोरड्या रानात ती पिकतात.

आता आपल्याला वाचता येते. त्याचा इथे उपयोग करा. पुडी उलटी करून पाहा. ती केव्हा बनवली आणि केव्हापर्यंत खावी, ते छापलेले असते. आत काय काय घातले आहे तेही असते. ज्याचे वजन सर्वांत जास्त ते नाव पहिले लिहावे, असा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे आणि मागोमाग साखरेचे व तेलाचे असेल, तर समजून घ्या. पुष्कळदा हे इंग्रजीत असते. मग शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. त्याचाही अभ्यास होईल.

कसे जेवावे

वैद्यांचे नियम सोपे आहेत. त्यांना पैसा लागत नाही.

पहिले जेवण पचल्यावर दुसरे जेवावे. खाल्ल्यावर पुन्हा खाणे याला ग्रंथात अध्यशन म्हणतात. दर तासाला चहा, त्याबरोबर काहीतरी तोंडात टाकणे, हे अध्यशनच. चुलीला राख झाडायला उसंत द्यावी.

पोटाचे चार भाग कल्पावेत, असे वाग्भट सांगतो. दोन भाग घट्ट अन्नासाठी, एक भाग पातळासाठी. चौथा भाग वाऱ्यासाठी मोकळा ठेवावा. दोन घास कमी असतानाच उठावे.

अन्न ताजे आणि गरम असावे. बसून, सावकाश चावून खावे. जेवताना बडबड करू नये, लक्ष अन्नात असावे, असे चरक सांगतो. त्याच्या वेळी मोबाइल नव्हता. आज तो असता तर त्याने तोही बाजूला ठेवायला सांगितला असता.

रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे. रात्री दही नको असे वैद्य सांगतात. दुपारच्या जेवणात मात्र पातळ ताक चांगले.

ताटात भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ, आणि एक पालेभाजी असावी. नुसती भाकरी-चटणी पुरे नाही. पाणी स्वच्छ आणि पुरेसे प्यावे.

घरगुती औषधाची हद्द

आता आमच्या चुकीकडे येतो.

पोटातला व्रण तिखटाने आणि काळजीने होतो, असे पूर्वी डॉक्टरही मानत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी जठरात राहणारा एक जंतू शोधून काढला. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोकांना ते पटेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन पाहिले. त्यांच्या जठराला सूज आली. पुढे २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक व्रण या जंतूमुळे नाहीतर अंगदुखीच्या गोळ्यांमुळे होतात, हे आता सिद्ध झाले आहे. या गोळ्यांनी जठराचे आतले अस्तर उघडे पडते. विडी-सिगारेटने व्रण भरून यायला उशीर लागतो.

आमच्या पुतण्याला जंतूही होता आणि गोळ्याही होत्या. आवळ्याच्या चूर्णाने जंतू मरणार नव्हता. डॉक्टरांनी चौदा दिवस औषध दिले, गोळ्या बंद केल्या, आणि व्रण भरून आला.

म्हणून सांगतो. एखाद दिवस पोट जड झाले तर लंघन करावे, सुंठ-जिरे घ्यावे, ताक प्यावे. हे आपल्या आजीचे शहाणपण खरे आहे. पण रोज रात्री जुलाबाचे चूर्ण, रोज सोडा, रोज पित्ताची गोळी, हे औषध नव्हे. ती सवय झाली. पुडीवर आयुर्वेदिक लिहिले म्हणून ती निर्धोक होत नाही. वैद्यालाच विचारा, तोही हेच सांगेल.

काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नये. काळे शौच, शौचातून रक्त, रक्ताची उलटी, घास गिळायला त्रास, कारण नसता वजन उतरणे, दोन-तीन आठवड्यांवर चाललेली जळजळ. यांपैकी काहीही झाले तर दवाखाना गाठावा. आणि छातीत दाब आला, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर "गॅस झाला" म्हणून सोडा पाजत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

पुतण्या पुन्हा मुंबईला गेला. जावेच लागले. पण खोलीतल्या सहा जणांनी वर्गणी काढून शेगडी आणि कुकर घेतला. सकाळी पाळीपाळीने खिचडी लागते. दुपारसाठी जवळच्या एका बाईंकडून पोळीभाजी घेतात. वहिनी दर खेपेला त्याच्याबरोबर ज्वारीचे पीठ, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे देतात.

परवा त्याचा फोन आला. "काका, जेवलो. बसून जेवलो," असे तो आपण होऊन म्हणाला. आता आम्हीही त्याला नुसते "बरा आहेस ना?" एवढेच विचारत नाही. काय खाल्लंस, केव्हा खाल्लंस, शौचाला कसं होतं, कोणती गोळी चालू आहे, हे सगळे विचारतो. तुमचेही कुणी शहरात असेल. त्याला आज एवढे विचारा.

लक्षात ठेवा

१. भूक लागल्यावर, बसून, सावकाश जेवावे.
२. पोटाचा चौथा भाग मोकळा ठेवावा.
३. अंगदुखीची गोळी डॉक्टरला विचारल्यावाचून रोज घेऊ नये. उपाशी पोटी तर नकोच.
४. लघवी-शौच दाबून धरू नये.
५. पोटाचे दुखणे लाजेने लपवू नये.

प्रश्न

१. जठराग्नीचे चार प्रकार कोणते? तुमचा अग्नी कोणत्या प्रकारचा वाटतो?
२. पुतण्याला काकांनी कोणती गोष्ट विचारायला हवी होती?
३. घरातली एखादी पुडी घ्या. तिच्यावर पहिले नाव कशाचे आहे ते वाचून वहीत लिहा.
४. काल दिवसभरात तुम्ही काय आणि केव्हा खाल्ले ते पाच ओळींत लिहा.